दुःखात दिलेला होकार

दुःखात सापडलेल्या माणसाचा होकार हा होकार धरूच नये, असं एका विद्वान वक्त्यांनी अलीकडे एका व्याख्यानमालेत ठासून मांडलं. विषय धर्मांतरविरोधी कायद्याचा होता आणि उदाहरण पंडिता रमाबाईंचं. आईबाप दुष्काळात गेले, बहीण गेली, भाऊ गेला, नवरा गेला, पदरात तान्ही मुलगी. अशा बाईनं परमुलखात जोगिणींच्या मठात राहून बाप्तिस्मा घेतला, तर त्याला विचारपूर्वक केलेली निवड कसं म्हणायचं, असा त्यांचा सवाल होता. सभागृहानं टाळ्या दिल्या. वक्त्यांचं नाव इथे घेण्याचं कारण नाही, कारण हे मत त्यांच्या एकट्याचं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनानं अशा कायद्याचा विचार करण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हापासून हाच युक्तिवाद मी लेखांत वाचतो आहे, चर्चांत ऐकतो आहे. मी मराठी ख्रिस्ती घरात वाढलो, रमाबाईंचं नाव घरात प्रार्थनेत ऐकत वाढलो. त्यामुळे हा लेख तटस्थपणे लिहिलेला नाही. पण मला जो वाद घालायचा आहे तो केवळ त्या वक्त्यांशी नाही, माझ्या स्वतःच्या लोकांशीही आहे.

आधी कायद्याचं बोलू. आपल्याकडे या प्रकारचे कायदे नवे नाहीत. ओरिसाचा कायदा १९६७चा, मध्य प्रदेशचा १९६८चा. बळजबरी, फसवणूक आणि प्रलोभन यांनी केलेलं धर्मांतर गुन्हा ठरवणं हा त्यांचा गाभा. बळजबरी आणि फसवणूक यांबद्दल कुणाचाच वाद नसावा. अडचण प्रलोभनापाशी सुरू होते. उत्तर प्रदेशच्या २०२१च्या कायद्यात प्रलोभनाच्या व्याख्येत धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतलं मोफत शिक्षण येतं आणि अधिक चांगलं राहणीमानही येतं. म्हणजे उपाशी माणसाला जेवू घालून, निरक्षराला अक्षर शिकवून जो त्याच्या जवळ गेला, तो आरोपीच्या पिंजऱ्याच्या वाटेवर पहिलं पाऊल टाकून बसला. आणखी एक कलम मला याहून जास्त बोचतं. ओरिसाच्या कायद्यात शिक्षा एक वर्षाची आहे, पण धर्मांतरित व्यक्ती अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर दोन वर्षांची. पुढच्या अनेक राज्यांनी ही वर्गवारी जशीच्या तशी उचलली. प्रौढ स्त्री आणि अख्ख्या जाती लहान मुलांच्या रांगेत उभ्या केल्या. यांना स्वतःचं बरंवाईट कळत नाही, म्हणून यांच्या वतीनं सरकारनं जास्त सावध राहायला हवं, असं गृहीत धरलं. रमाबाईंनी संस्कृत ग्रंथ तपासून जो निष्कर्ष काढला होता तो याच गृहीताबद्दल होता.

वक्त्यांच्या म्हणण्यात जो भाग खरा असू शकतो त्याकडे मी नंतर येणार आहे. त्याआधी त्यांनी दिलेलं उदाहरण तपासायला हवं, कारण ते त्यांच्याच विरुद्ध साक्ष देतं.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, लोकांचा रोष ओढवून घेतला आणि पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात घर केलं. १८५८ साली रमाबाई तिथे जन्मल्या. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थांमागून तीर्थं हिंडत राहिलं. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात, १८७४पासून, त्यांच्याजवळचं सगळं संपलं. या माणसांनी शास्त्रात सांगितलेलं काहीच करायचं बाकी ठेवलं नव्हतं. उपास केले, दानं दिली, जप केले, मूर्तींपुढे दिवसचे दिवस बसून राहिले. थोड्या थोड्या अंतरानं वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेल्या रमाबाई आणि भाऊ श्रीनिवासशास्त्री पायी चालत राहिले, दक्षिणेतून थेट काश्मीरपर्यंत. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन रात्री काढल्या.

या दुःखानं रमाबाईंना कुठल्याही धर्माच्या दारात नेलं नाही. त्यानं त्यांना शंका दिली. सांगितलेलं सगळं केलं आणि सांगितलेलं काहीच घडलं नाही, हा अनुभव त्यांनी बाजूला सारला नाही. १८७८मध्ये कलकत्त्यात पंडितांच्या सभेनं त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. मान मिळाला, पोट भरलं, आणि नेमकं त्याच काळात त्यांनी ज्या ग्रंथांमुळे मान मिळाला ते ग्रंथ नव्या डोळ्यांनी वाचायला घेतले. केशवचंद्र सेनांनी विचारलं, वेद वाचलेत का? स्त्रीला अधिकार नाही, हे उत्तर रमाबाईंनी दिलं खरं, पण सेनांनी हातात ठेवलेली प्रत त्यांनी वाचली. सगळी शास्त्रं एकमेकांशी भांडतात, पण स्त्री आणि शूद्र यांना स्वतःच्या बळावर मोक्ष नाही याबाबत ती एकमुखी आहेत, असं त्यांना आढळलं. हा निष्कर्ष कुणाला पटो न पटो, तो बावरलेल्या बुद्धीचा खचित नाही.

कलकत्त्यातच ख्रिस्ती लोकांची गाठ पडली. खुर्च्यांसमोर गुडघे टेकून प्रार्थना करणारी माणसं पाहून त्यांना वाटलं, हे लोक खुर्च्यांची पूजा करतात. संस्कृतातलं बायबल भेट मिळालं, ते फारसं उमगलं नाही. १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. दोघांच्याही समाजांनी पाठ फिरवली. सिल्चरच्या घरी लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली. एका मिशनऱ्याकडून त्यांनी ते समजून घेतलं, त्याबद्दल त्यांना ओढ वाटू लागली. पण उघडपणे ख्रिस्ती होण्याची कल्पना पतीला रुचली नाही. फेब्रुवारी १८८२मध्ये पटकीनं त्यांचा अंत झाला.

वक्त्यांचा सिद्धान्त खरा असता तर बाप्तिस्म्याची घटका हीच होती. वय तेवीस, विधवा, कडेवर वर्षाच्याही आतली मनोरमा, शुभवर्तमानाची गोडी लागलेली आणि अडवणारा कुणी उरलेला नाही. रमाबाईंनी त्या घटकेला काय केलं? त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला. ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं आणि छापलं. हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात असं सांगितलं. वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला जायचं ठरवलं, त्या खर्चासाठी स्वतःच्या पुस्तकाचे पैसे लावले. तिथे त्यांचं कानाचं दुखणं आडवं आलं, ऐकू कमी येत असल्यानं वैद्यकीचा रस्ता बंद झाला. वाँटेजच्या मठात त्यांना आसरा मिळाला, तोही भारतात येणाऱ्या जोगिणींना मराठी शिकवण्याच्या बदल्यात.

बाप्तिस्मा झाला २९ सप्टेंबर १८८३ला. त्याआधीच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिनं वाँटेजमध्येच विष घेऊन जीव दिला. परक्या देशात, परक्या धर्माच्या माणसांत आपलं काय होईल या भीतीनं तिला घेरलं होतं, असं मॅक्स म्यूलर यांच्या लेखनावरून दिसतं. माझ्या ख्रिस्ती वाचकांना मी विनंती करतो की रमाबाईंची साक्ष सांगताना या बाईला वगळू नका. त्याच छपराखाली, त्याच प्रेमळ जोगिणींच्या सहवासात, एकीला मोकळं होण्याची वाट दिसली आणि दुसरीला कोंडी. मठाच्या भिंती दोघींना सारख्याच होत्या.

दुसरी गोष्ट फुलहॅमची. लंडनच्या या भागात त्याच जोगिणींचं एक घर होतं. समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या बायकांना तिथे आसरा मिळे. रमाबाईंनी तिथे या बायकांशी माणसासारखं बोलणं, त्यांच्या आजारात त्यांची उस्तवार करणं पाहिलं. अशा बाईला शास्त्रानं कोणती शिक्षा सांगितली आहे ते त्यांना पाठ होतं. हे लोक असं का वागतात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका जोगिणीनं योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय काढून शोमरोनी बाईची आणि येशूची विहिरीकाठची भेट वाचून दाखवली. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत मनाच्या वळणाची जागा म्हणून हीच गोष्ट सांगितली. माझा सगळा लेख या तपशिलावर उभा आहे. त्यांचं मन वळलं ते स्वतःच्या दुःखावर फुंकर मिळाली म्हणून नव्हे. आपल्याहून अधिक टाकलेल्या बाईशी कोण कसं वागतो ते पाहून त्यांनी निर्णय केला. दुःखानं त्यांना हे पाहण्याची नजर दिली होती. सुखवस्तू माणसाच्या डोळ्यांसमोरून तेच घर सहज निसटलं असतं.

आणि शेवटचा बौद्धिक अडसर काढला तो कुणा गोऱ्या माणसानं नाही. नीळकंठशास्त्री गोरे, काशीचे चित्पावन पंडित, १८४८मध्ये ख्रिस्ती झालेले, पुढे फादर नेहेम्या गोरे. ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे याला काही प्रमाण आहे का, या प्रश्नावरचं त्यांचं सविस्तर पत्रलेखन रमाबाईंपर्यंत पोचलं. ब्राह्म मताकडून आपल्याला कुणी हलवू शकलं असतं तर ते गोरेच, असं रमाबाईंनी म्हणून ठेवलं आहे. या गोऱ्यांना स्वतःला शंकांनी आयुष्यभर सोडलं नाही. षड्दर्शनांचं खंडन करणारा हा तर्ककठोर माणूस बाप्तिस्म्यानंतरही रात्री-अपरात्री आपल्याच विश्वासाचा पाया उकरून पाहत राहिला. शंकेखोर माणसाच्या हातूनच रमाबाईंना विश्वास मिळाला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता पत्रांकडे येतो. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. छोटी मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणे. या दोघींचा आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांचा पत्रव्यवहार जेराल्डीनबाईंनी स्वतः जमवून जपून ठेवला. त्यात त्यांच्यावर उलटणारी पत्रंही त्यांनी गाळली नाहीत, याबद्दल त्यांचे ऋण मानायला हवेत. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला तो संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९७७मध्ये छापला. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात ओरिसा आणि मध्य प्रदेशचे कायदे वैध ठरवले. धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सांगितलं. त्या निकालात प्रश्न धर्मांतर करवणाऱ्याच्या हक्काचा होता. ते करणाऱ्याच्या मनात काय चालतं याची सगळ्यात तपशीलवार नोंद आपल्याच शासनाच्या मंडळानं त्याच वर्षी वाचकांपुढे ठेवली होती.

पत्रांत दिसतात त्या रमाबाई अशा. जेराल्डीनबाईंनी क्रूस भेट दिला, त्यावर लॅटिन अक्षरं. रमाबाईंनी विचारलं, लॅटिन आमच्या संस्कृतापेक्षा श्रेष्ठ आहे की काय? जेवणात अंडं घातलेली खीर त्या खात नसत. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा अहंकार दिसे, रमाबाईंना आपल्या माणसांशी असलेलं नातं दिसे. चेल्टनहॅममध्ये त्यांनी मुलग्यांना शिकवावं अशी गोष्ट निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. भारतात परतल्यावर अशा बाईला लोक मानणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. भारतात पुरुषांच्या भरलेल्या सभांपुढे व्याख्यानं दिलेल्या बाईला हे सांगितलं जात होतं. रमाबाईंनी त्या सल्ल्यातला आपल्या देशाबद्दलचा अज्ञानी आत्मविश्वास उघड दाखवून दिला.

मतभेद याहून खोल गेले. त्रैक्याचा सिद्धान्त आहे तसा मान्य करायला त्या तयार नव्हत्या. अथनेशियन मतांगीकारात जे हा सिद्धान्त मानत नाहीत त्यांच्या नाशाची भाषा आहे, ती त्यांना मान्य नव्हती. कुमारीपासूनचा जन्म, चमत्कार, प्रत्येक मुद्द्यावर त्यांनी पुरावा मागितला. मी बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या नावानं घेतला आहे, इंग्लंडच्या चर्चच्या प्रत्येक नियमाच्या नावानं नाही, असं त्यांचं सांगणं होतं. तुम्हीच लोक कितीतरी पंथांत वाटले गेले आहात, मग मी त्यांतल्या एकाच्याच सगळ्या आज्ञा का मानू? मनोरमेला न कळणाऱ्या गोष्टी पाठ करून घेऊ नका, असंही त्यांनी बजावलं. जेराल्डीनबाईंनी याला गर्व म्हटलं, हट्ट म्हटलं, कृतघ्नताही सुचवली. रमाबाईंचं उत्तर असं की भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, ते दुसऱ्या पुरोहितांचं घालून घेण्यासाठी नाही. देवाचा शब्द आणि माणसानं देवाच्या नावावर काढलेली आज्ञा यांत निवड करणं हे माझ्या विवेकाचं काम आहे.

ही पत्रं लिहिली तेव्हा त्यांच्या परिस्थितीकडे पाहा. देश परका, पैसा नाही, कान अधू, मूल लहान, राहण्याजेवण्याची आणि शिक्षणाची सोय याच मंडळींच्या हातात. प्रलोभन आणि उपकार यांनी विकत घेतलेला माणूस अशा जागी मान डोलावतो. रमाबाई नाही म्हणाल्या आणि नाही म्हणत असताना ख्रिस्ताला सोडायलाही तयार झाल्या नाहीत. वक्त्यांनी बाप्तिस्म्याच्या दिवसाकडे बोट दाखवलं. पण होकार मोकळा होता की नाही याची परीक्षा त्या दिवशी होत नाही. ज्यानं तुझं भलं केलं त्याच्यापुढे तू दुसऱ्या दिवशी आणि दहाव्या वर्षी काय बोलू शकतेस, त्यावर ती होते. या परीक्षेत रमाबाई जितक्या उतरल्या तितके जन्मजात श्रद्धावान क्वचितच उतरतात, मग धर्म कुठलाही असो.

बीलबाईंचा उल्लेख मुद्दाम करतो. त्यांनी या शंकांना गर्व म्हटलं नाही. त्या स्वतः चर्चच्या निष्ठावंत, पण त्यांनी रमाबाईंना तत्त्वचिंतकाची वागणूक दिली, युक्तिवादाला युक्तिवादानं उत्तर दिलं. जेराल्डीनबाईंना आज्ञाधारक मुलगी हवी होती, बीलबाईंना सत्य शोधणारी बाई चालत होती. माझ्या अनुभवात मंडळीत जेराल्डीनबाई फार भेटतात.

माझ्या लोकांशी माझं भांडण इथेच आहे. आमच्या सभांमध्ये रमाबाईंची साक्ष अशी सांगतात: दुःख झालं, येशू भेटला, शांती मिळाली. मधली आठ-नऊ वर्षं, पत्रं, त्रैक्याचा वाद, आनंदीबाई, सगळं गाळून. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा मला हीच सरळ रेघ ऐकवली गेली. का म्हणून विचारू नकोस, प्रश्न विचारणं म्हणजे सैतानाला दार उघडणं, असं एका वडीलधाऱ्या माणसानं प्रेमानं सांगितलं. त्या प्रेमानं मला उपासनेपासून दूर नेलं. परत आणलं ते ईयोबाच्या पुस्तकानं. त्यात देव शेवटी रागावतो तो ओरडणाऱ्या ईयोबावर नाही, तर देवाची वकिली करणाऱ्या त्याच्या मित्रांवर. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, त्याला दिलाशाची ओळ जोडण्याची घाई कुणी केली नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ज्या ग्रंथानं अशी आर्तता आपल्या पोटात ठेवली, त्याच्या अनुयायांनी शंकेला पाप ठरवावं हे मला सहन होत नाही. ज्या देवाशी भांडता येतं त्याच्यावरच मला विश्वास ठेवता आला. रमाबाईंची पत्रं मी त्या दिवसांत वाचली.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून एवढंच. नवऱ्यानं १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांनी १९००मध्ये. मधल्या पाच वर्षांत ताटातूट, अपमान, आजारपणं, सगळं भोगून झालं होतं आणि त्या बधल्या नव्हत्या. जातिभेद देवानं केलेला नाही, माणसानं केला, हा निर्णय त्यांनी आपल्या मनाशी आधी केला, सोवळं त्याच वेळी सोडलं. पाण्याखाली मान नंतर गेली. आणि खुद्द नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. या माणसांना कुणी फरपटत नेलं असं म्हणणाऱ्यांनी त्यांचं पुढचं आयुष्य वाचलेलं नाही.

इथवर मी रमाबाईंच्या बाजूनं बोललो. आता केडगावच्या मुलींबद्दल बोलायला हवं, आणि तिथे हे सगळं समर्थन जसंच्या तसं लागू पडत नाही.

११ मार्च १८८९ला रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. धर्म शिकवणार नाही, हा करार होता. पण मी प्रार्थना करताना दार लावून घेणार नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं. त्या उघड्या दारातून काही मुली आत येऊन बसू लागल्या. १८९३मध्ये ‘केसरी’नं रान उठवलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पंचवीसेक मुलींना घरच्यांनी काढून नेलं. या वादात मी अजूनही रमाबाईंच्या बाजूचा आहे. दार उघडं ठेवणं म्हणजे जबरदस्ती नव्हे, आणि त्याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून हिंदूच राहिली.

पण १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली केडगावला घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. तिथल्या मुक्ती सदनातली संख्या दीड हजारांच्या वर गेली. इथे धर्म न शिकवण्याचा करार नव्हता. १८९१च्या सुमारास रमाबाईंना स्वतःला जाणवलं होतं की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला पण ख्रिस्त सापडायचा राहिला. त्या अनुभवानंतर त्यांची भाषा बदलली, चिकित्सा मागे पडली, उत्कटता पुढे आली. मुक्तीत मुलींचे सामुदायिक बाप्तिस्मे झाले. १९०५मध्ये तिथे जे जागरण झालं त्यात मुली रडत, ओरडत, तासन्‌तास प्रार्थना करत.

दहा-बारा वर्षांची, हाडांचा सापळा झालेली, आईबाप डोळ्यांदेखत गमावलेली मुलगी. तिला जेवू घालणारी, कुशीत घेणारी बाई ख्रिस्ताचं नाव घेते. ती मुलगी काय म्हणणार? ज्या रमाबाईंनी आपल्या मनोरमेला न कळणारी मतं शिकवू नका असं जेराल्डीनबाईंना बजावलं होतं, त्यांना मुक्तीतल्या कुणा मुलीनं तेच पत्र लिहिलं असतं तर? हा प्रश्न मला टाळता येत नाही, कारण माझ्या घराण्यातला पहिला बाप्तिस्माही दुष्काळातलाच. माझ्या पणजोबांनी पोटासाठी मिशनच्या कामावर खडी फोडली आणि मग मंडळीत आले. त्यांनी योहानाचा चौथा अध्याय तोलून पाहिला असेल असं मी म्हणू शकत नाही.

मग वक्त्यांचं बरोबर होतं का? त्यांनी रोगाचं नाव चुकीचं सांगितलं. होकार दूषित होतो तो दुःखानं नाही, आश्रितपणानं. दुःखी माणूस निर्णय घेऊ शकतो, कित्येकदा सुखी माणसाहून स्वच्छ घेतो. पण ज्याचं आजचं जेवण समोरच्या माणसाच्या मर्जीवर आहे त्याला नाही म्हणता येत नाही. हा आश्रितपणा मिशनमध्ये असतो तसा घरात असतो, जातीत असतो, आश्रमात असतो, शेटजीच्या ओसरीवर असतो. नवऱ्याच्या अन्नावर जगणारी बाई त्याचा देव्हारा पुजते तेव्हा तिच्या होकाराची चौकशी कोणत्याही राज्याचा कायदा करत नाही. धर्मात राहण्याचा होकारही होकारच असतो, तोही मोकळा असावा लागतो.

आश्रितपणावर उपाय काय? जिल्हाधिकाऱ्याला साठ दिवस आधी कळवण्याची अट घातली की आश्रित माणसाला आणखी एक धनी मिळतो. हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयानं २०१२मध्ये पूर्वसूचनेची अशी अट रद्द केली होती, तरीही ती नव्या कायद्यांत परत आली. मुक्ती सदनानं मुलींना दिलं ते मला इथे महत्त्वाचं वाटतं. तिथे छापखाना होता, माग होते, तेलघाणा होता, गोठा आणि शेती होती, अंध मुलींसाठी ब्रेल होतं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, त्याचे खिळे त्या मुलींनी जुळवले. ज्या हातांना खिळे जुळवता येतात ते हात दुसऱ्या छापखान्यातही कमावू शकतात, आणि मग बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, मुलगी आपली वाट धरू शकते. माझ्या पणजोबांचा मुलगा मिशनच्या शाळेत शिकला, मास्तर झाला आणि त्यानं मिशनच्याच पगाराविरुद्ध अर्ज लिहिला. आमच्या घराण्यात विश्वास पूर्वजांच्या भुकेतून आला असेल, पण मोकळेपणा त्या अर्जापासून सुरू झाला असं मी मानतो. त्यानं मंडळी सोडली नाही. सोडू शकत होता.

म्हणून माझी मागणी दोन्हीकडे आहे. महाराष्ट्रात जो काही कायदा असेल त्यात स्त्रीला आणि दलित-आदिवासींना अल्पवयीनांच्या ओळीत बसवणारं कलम असता कामा नये, आणि शिक्षणाला प्रलोभन म्हणणारी व्याख्या असता कामा नये. आणि मंडळींनी, ज्यांना आपण अन्न, औषध, शाळा देतो त्यांच्याकडून त्या मदतीच्या काळात बाप्तिस्म्याचा शब्द घेऊ नये. माणूस पायावर उभा राहू दे, मग येऊ दे, नाही आला तरी मदत थांबवू नये. यानं मंडळ्या लहान होतील असं मला सांगतात. होऊ देत.

दृढीकरणाच्या वर्गात रमाबाई आणि जेराल्डीनबाई यांची पत्रं वाचावीत, अशी सूचना मी आमच्या मंडळीच्या समितीपुढे ठेवली आहे. पहिला आक्षेप आला तो असा की इतक्या कोवळ्या वयात मुलांच्या मनात शंका कशाला घालायच्या. या वर्गात येणारी मुलं पंधरा-सोळा वर्षांची असतात. दुष्काळ सुरू झाला आणि घर एकेक माणसानं रिकामं होऊ लागलं तेव्हा रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या, आणि शंका त्यांना कुठल्या वर्गात शिकवावी लागली नव्हती.